पाच टक्के निधी गावाचा, मग ठरवणार कोण?

साथींनो,

हळवं भात कापायला आलंय, नागली पिकत आलीय. या घाईतच २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते आहे. "दरवेळचीच सभा, रजिस्टर येईल घरी सहीला," असं म्हणून शेतावर निघून जाऊ नका. या सभेत पेसाच्या पाच टक्के निधीचा, म्हणजे अबंध निधीचा, आराखडा ठरवायचा आहे. या पैशावर बऱ्याच जणांचा डोळा आहे.

हा पैसा येतो कुठून, ते आधी समजून घेऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शंभरात नऊजण आदिवासी आहेत. राज्याच्या खर्चात आदिवासींचा हिस्सा लोकसंख्येप्रमाणे ठेवावा, असं सुकथनकर समितीने सांगितलं होतं. तो हिस्सा म्हणजे आदिवासी उपयोजना. या उपयोजनेतले पाच टक्के अनुसूचित क्षेत्रातल्या पेसा ग्रामपंचायतींना थेट द्यायचे, असा शासन निर्णय २१ एप्रिल २०१५ ला निघाला. त्याआधी सगळं वरून ठरून यायचं. कुणाला ताडपत्री, कुणाला इंजिन. आलं ते घ्यायचं, अंगठा द्यायचा. अबंध म्हणजे बांधून न दिलेला. कामं वरून ठरणार नाहीत, गावाने ठरवायची. म्हणून हे कुणा पुढाऱ्याचं दान नाही आणि साहेबाची मेहेरबानीही नाही. हा आपल्याच वाट्याचा पैसा आहे.

त्या निर्णयात खर्चाचे चार सारखे भाग सांगितले आहेत. पहिला भाग पायाभूत सोयींचा. दुसरा वनहक्क कायदा आणि पेसा कायद्याच्या अंमलबजावणीचा. तिसरा आरोग्य, स्वच्छता, शिक्षणाचा. चौथा जंगल आणि पाणी राखण्याचा. पण बऱ्याच गावांत आपण बघतो काय? पेव्हर ब्लॉक, कमान, सभामंडपाचा पत्रा. पहिल्या भागाचं काम डोळ्याला दिसतं, त्यात ठेकेदाराचं पोट भरतं, म्हणून ते आधी होतं. दुसऱ्या भागाचं कुणी नावच काढत नाही. काढलंच तर एक बॅनर, एक दिवसाचं 'प्रशिक्षण' आणि चहा-बिस्किटाचं बिल.

आपल्यासाठी मात्र हा दुसरा भागच जिवाचा आहे. समजा, गावाच्या वाट्याला दोन लाख आले. त्यातले पन्नास हजार वनहक्काचे. एवढ्या पैशात काय होतं? प्लॉटची जीपीएसने मोजणी होते. सामूहिक दाव्याला निस्तारपत्रक, जुने नकाशे, नोंदी यांच्या नकला काढता येतात. प्रांत कचेरीत तारखेला जाणाऱ्या वनहक्क समितीच्या माणसांचं गाडीभाडं निघतं. दावा फेटाळला तर अपिलाचे कागद तयार होतात. आज हा खर्च कोण करतं? ज्याची जमीन अडकली तोच, मोलमजुरी करून. गावाच्या खात्यात त्याच कामाचा पैसा असताना त्याने बकरी का विकायची?

आता मंडळं आणि संस्थांचं बोलू. बचत गट म्हणतो भांडी द्या, तरुण मंडळ म्हणतं खेळाचं सामान द्या, भजनी मंडळाला पेटी हवी. शहरातली एखादी संस्था येते आणि म्हणते, तुमच्या गावाचा आराखडा आम्ही करून देतो, निधीतून आमचं मानधन द्या. यातलं सगळंच वाईट नाही. बचत गट गावाचाच आहे, आणि काही संस्थांनी मोजणीला खरी मदत केली आहे. पण मागणी सरपंचाच्या ओट्यावर किंवा ग्रामसेवकाच्या टेबलावर मंजूर होता कामा नये. मागणारा कुणीही असो, त्याने भर सभेत उभं राहून सांगावं: काम काय, पैसा किती, फायदा कोणत्या पाड्याला, हिशोब कधी देणार. सभेने हो म्हटलं तरच ठराव. घेतलेली वस्तू ग्रामसभेच्या मालकीची, नोंद दडतर नव्हे तर सगळ्यांना दिसेल अशा वहीत. आणि मंडळाला द्यायचे ते कोणत्या भागातून, तेही विचारा. वनहक्काच्या भागातून पेटी येत नाही.

हाच नियम संघटनेलाही आहे. संघटना तुमच्या वर्गणीवर चालते. या निधीतला एक रुपयाही संघटनेने घ्यायचा नाही आणि कार्यकर्त्याने यातल्या कामाचा ठेका घ्यायचा नाही. कार्यकर्ताच ठेकेदार झाला, तर हिशोब मागणार कोण?

काही साथी म्हणतात, सरकारचा पैसा हातात घेतला की लढा ढिला पडतो, गावात भांडणं लागतात. ही भीती खोटी नाही. पण आपण बाजूला झालो म्हणून पैसा यायचा थांबत नाही. तो येतो, खर्च होतो, फक्त आपल्याला न विचारता. भांडण लागतं ते लपवाछपवीमुळे. हिशोब फळ्यावर लिहिला की निम्मी कुजबुज तिथेच थांबते.

कायद्याने आपल्या हातात एक मोठं हत्यार दिलं आहे, ते ओळखा. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीने गावात केलेल्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचं असतं. म्हणजे काम झालं, पैसा बरोबर लागला, हे तहसीलदाराने नाही, गावाने म्हणायचं. म्हणून काम डोळ्याने बघितल्याशिवाय, बिलं वाचून घेतल्याशिवाय ठराव करू नका. कोऱ्या पानावर सही नाही, घरी आलेल्या रजिस्टरवर अंगठा नाही. हिशोब देत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये लावून अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फीसुद्धा नाही.

जिथे पाडे लांबलांब आहेत, तिथे मोठ्या गावाच्या सभेत आपला आवाज बुडतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेण्याची वाट आहे. पाड्यातल्या मतदारांनी बसून ठराव करायचा आणि प्रांताकडे पाठवायचा. ज्या पाड्यांनी अजून केला नसेल, त्यांनी या सुगीनंतर तरी करावा.

तर २ ऑक्टोबरला एवढं करू:

१. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा झालीच पाहिजे. तिथली मागणी ग्रामसभेत वाचून दाखवायला लावू.

२. ग्रामसभा कोषाचं पासबुक सभेत आणायला सांगू. गेल्या वर्षी किती आले, चारही भागांत किती गेले, ते मोठ्याने वाचून घेऊ.

३. वनहक्काचा चौथा हिस्सा कोणत्या दाव्यांवर लावायचा, ते नावानिशी ठरवू.

४. मंडळं-संस्थांच्या मागण्या सभेतच ऐकू, सभेतच ठरवू.

५. ठराव लिहून, वाचून झाल्यावरच सही. ठरावाची नक्कल मागून पाड्यावर ठेवू.

आपल्या बापजाद्यांनी जमिनीसाठी दंड भरले, तुरुंग बघितला. तेव्हा कायदा आपल्या बाजूला नव्हता. आज कायदा आहे, पैसाही आहे. एक दिवसाची कापणी मागे राहिली तर चालेल. सभेची जागा रिकामी ठेवू नका.

जिंदाबाद!