टाका आणि स्वाभिमान

आपल्या समाजात वस्त्र हा विषय कधीच किरकोळ नव्हता. चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत, असा दंडक मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात घालून ठेवला होता. कोणी काय नेसावे, कसे नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. आणि त्याच परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या स्त्रियांशी बाबासाहेब बोलले, ते त्यांच्या लुगड्यांविषयी आणि दागिन्यांविषयी. वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असावे. आणि आपण काय नेसावे हे ठरवण्याचे आपले स्वातंत्र्य कोणालाही हिरावून घेता येणार नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्या स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलली. त्यासाठी नवे लुगडे विकत घ्यावे लागले नाही. होते तेच लुगडे निराळ्या रीतीने नेसले गेले आणि नेसणारीची मान ताठ झाली.

या इतिहासाची आठवण करून देऊन मी एक साधीच गोष्ट मांडू इच्छितो. स्वस्त आणि साध्या कपड्याला घरच्या घरी, सुई-दोऱ्याने, आपल्या मापाचे आणि आपल्या पसंतीचे रूप देण्याचे कौशल्य आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला यायला हवे.

हे ऐकून अनेक पालकांच्या कपाळावर आठी पडेल, हे मी जाणतो. 'आम्ही दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घातले, ठिगळे लावून शाळेत गेलो. निदान आमच्या मुलांनी तरी कोरे कपडे घालावेत,' असे ते म्हणतील. ही भावना खोटी नाही. बाबासाहेबांच्या नीटनेटक्या सुटात आपल्या आजोबांना जे दिसले, ते केवळ कापड नव्हते. ज्यांच्यावर फाटके वस्त्र लादले गेले, त्यांनी ठिगळाकडे संशयाने पाहणे स्वाभाविक आहे. म्हणूनच लादलेले ठिगळ आणि आपल्या हाताने, आपल्या मर्जीने घातलेला टाका यांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे.

हा फरक आपल्याला धम्माच्या परंपरेतच सापडतो. भिक्खूंचे पांसुकूल चीवर उकिरड्यावरच्या चिंध्यांचे असे; त्यात स्मशानातले कापडही असे. ज्या कापडाची मनूने शिक्षा केली, तेच कापड तथागतांच्या संघाने स्वेच्छेने उचलले, धुतले, कापले, शिवले, रंगवले आणि त्याचे पूज्य वस्त्र केले. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. दक्षिणागिरीकडे जाताना भगवंतांना मगधातील शेते आणि त्यांचे आखीव बांध दिसले, आणि चीवराची रचना तशी करता येईल का, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर बेतले. भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या लेण्यांतून पावसाळ्यात खाली पाहणाऱ्याला इंद्रायणीकाठची भातखाचरे दिसतात. चीवराचा नकाशा डोळ्यांपुढे आणायला तेवढे पुरे. जपानमधील झेन परंपरेत आजही अनेक उपासक आपले छोटे चीवर स्वतःच्या हाताने टाके घालून शिवतात.

चुल्लवग्गातील दुसरा प्रसंगही मुलांना सांगण्यासारखा आहे. कोसंबीच्या उदेन राजाने आनंदाला विचारले की, एवढ्या चीवरांचे तुम्ही करता काय? आनंदाने सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील, पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींची बैठकीची वस्त्रे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि शेवटी ती फडकी कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी केली, तेव्हा तिनेही हाच हिशेब केला होता. तिला कोणी तो ग्रंथ वाचून दाखवला नव्हता.

आता आजच्या वसतिगृहाकडे पाहू. गणवेश सर्वांना सारखा असतो, पण स्नेहसंमेलनाच्या आणि सणाच्या दिवशी पेटी उघडली की कोणाच्या घरची परिस्थिती कशी, ते उघड होते. छातीवरचा शिक्का पाहून मूल मुलाला मोजते. चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नवे कपडे हवेतच, म्हणून उसनवारी करणारी घरे आपल्या ओळखीची आहेत. दुसऱ्या बाजूला, दोन धुण्यांत विटणारा स्वस्त कपडाही फुकट मिळत नाही. त्याची किंमत कोणीतरी मोजत असते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांतले बहुतेक जण तयार कपडे शिवणारे कामगार होते.

मग करायचे काय? कामशेत, वडगाव किंवा लोणावळ्याच्या बाजारातून साधा सुती पांढरा सदरा किंवा कुर्ता आणावा. शिवण्याआधी तो एकदा धुऊन वाळवावा, कारण सुती कापड आटते. मग तो उलटा करून अंगात घालावा, बगलेपासून कमरेपर्यंत टाचण्या लावून माप घ्यावे, कच्चा धावदोरा घालून पाहावा आणि समाधान झाल्यावरच पक्की टीप मारावी. यंत्र नसेल तर उलट टीप हातानेही घालता येते आणि ती टिकते. वाढत्या मुलाच्या कपड्यात माया भरपूर ठेवावी. शिवणीत राखलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्या भाषेने 'माया' म्हटले आहे, यात मोठे शहाणपण आहे: आज दिसत नाही, पण मूल वाढले की तीच कामी येते. कॉलर घडीवर झिजली असेल तर ती उसवून उलटी बसवावी. सदरा आणखी दोन वर्षे चालतो. आजीच्या लुगड्याचा काठ कुर्त्याच्या घेराला किंवा बाहीला लावला, गळ्याला खणाची पट्टी दिली, गुंड्या बदलल्या, तर तो कुर्ता दुकानात कोणालाही मिळणार नाही. मावळातल्यांनी एवढे मात्र लक्षात ठेवावे की, आपल्या पावसात जाड दुमडी आणि दुहेरी अस्तर वाळत नाही, कुबट वास धरते. तेव्हा दुमड अरुंद आणि तुरपाई सुटसुटीत असावी.

हे काम मुलींचेच, हा समजही इथेच सोडून द्यावा. बाजारात शिलाईचे पैसे मिळतात तिथे शिंपी पुरुष असतो, आणि घरात फुकट तुरपाई करायची ती मात्र बाईने, ही कुठली वाटणी? भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत भिक्षापात्राबरोबर सुईही आहे. भिक्खू आपले चीवर स्वतः शिवत, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

एक इशाराही दिला पाहिजे. या कौशल्याच्या नावाखाली गरिबी झाकू नये. गणवेश पुरा आणि धडका मिळणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. तो देणे ही शाळेची, समाजाची आणि शासनाची जबाबदारी आहे. 'तुम्हाला शिवता येते ना, मग फाटकेच घ्या,' असे म्हणण्याची सोय यातून कोणालाही मिळता कामा नये. ज्याला नवे घेणे शक्य आहे आणि तरीही जे आहे तेच सुंदर करता येते, तो खरा स्वतंत्र.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती छोटी आहे. प्रत्येक दालनात सुया, दोरे, कात्री, टाचण्या आणि गुंड्यांचा एक डबा असावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी पायाने चालणारे एखादे शिवणयंत्र शाळेला द्यावे. कार्यानुभवाच्या तासाला मुलगे आणि मुली एकत्र बसून काज करायला शिकोत. वर्षावास संपल्यावर आपण कठिन चीवरदान करतो. 'कठिन' हे मुळात चीवर शिवण्यासाठी कापड ताणून बांधायच्या चौकटीचे नाव. एका दिवसात ते चीवर कापून, शिवून, रंगवून पूर्ण करायचे आणि त्यासाठी सर्वांनी हात लावायचा, अशी रीत होती. त्या दिवसाची दुपार आपण शिवणकामाला द्यावी. दान तयार पाकिटातून देण्याऐवजी मुलांच्या टाक्यांतून घडलेले एक तरी वस्त्र त्या दिवशी संघाला अर्पण व्हावे.