चाबकामागची तालीम

मार्च महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात स्त्रियांच्या धाडसाचे जे गोडवे गायले जातात, त्यांत एक उणीव वर्षानुवर्षे तशीच राहिली आहे. भाषणांत, फलकांवर आणि सत्कारांच्या मानपत्रांत धाडस हा जणू जन्मजात गुण ठरतो, आणि तो अंगी बाणावा म्हणून करावी लागणारी मेहनत, घ्यावे लागणारे शिक्षण व त्यासाठी लागणारी हक्काची जागा यांचा साधा उल्लेखही होत नाही. कौतुकाच्या या पद्धतीने भारतीय चित्रपटसृष्टीत ज्या कलावतीवर सर्वाधिक अन्याय केला, ती ऑस्ट्रेलियात जन्मलेली आणि मुंबईत नावारूपाला आलेली ‘फियरलेस नादिया’ होय.

त्यांची हकीकत थोडक्यात अशी. नादियांचे मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स; त्यांचा जन्म १९०८ साली पर्थ येथे झाला; वडील ब्रिटिश सैन्यात होते आणि आई ग्रीक वंशाची होती. १९१३ मध्ये कुटुंब मुंबईत आले, पहिल्या महायुद्धात वडील कामी आले, आणि पुढे मायलेकी पेशावरकडे गेल्या, जिथे या मुलीने घोडेस्वारी आणि नेमबाजी आत्मसात केली. ‘वाडिया मूव्हीटोन’ या १९३३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ काढला. जमशेद अर्थात जे. बी. एच. वाडिया यांची ती कथा त्यांचे धाकटे बंधू होमी यांनी दिग्दर्शित केली होती. दुष्ट मंत्र्याने राज्य बळकावल्यावर मुखवटा चढवून, हाती हंटर म्हणजे लांब चाबूक घेऊन गरिबांच्या रक्षणाला उभी राहणारी राजकन्या माधुरी नादियांनी साकारली, आणि घेण्यास वितरक सापडत नसलेला तो चित्रपट तुफान चालला. १९६१ मध्ये त्यांनी होमी वाडियांशी विवाह केला, साठीच्या उंबरठ्यावर १९६८ च्या ‘खिलाडी’त काम केले आणि जानेवारी १९९६ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

एवढी माहिती बहुतेक लेखांत सापडते. ‘हंटरवाली’पूर्वीची वर्षे मात्र एका वाक्यात उरकली जातात, आणि खरा मुद्दा तर त्या वर्षांतच आहे. मुंबईला परतल्यावर या तरुणीने दुकानात विक्रेतीचे काम केले, टंकलेखन व लघुलेखन शिकून घेतले आणि मादाम अ‍ॅस्ट्रोव्हा या रशियन नर्तकीकडे बॅलेचे धडे घेतले. बॅले म्हणजे पायांच्या बोटांपासून मानेपर्यंत प्रत्येक स्नायूला वेगळे वळण लावणारी पाश्चात्त्य नृत्यपद्धती. अ‍ॅस्ट्रोव्हांच्या ताफ्याबरोबर लष्करी छावण्यांत आणि संस्थानिकांसमोर प्रयोग करीत त्यांनी देश पालथा घातला, आणि मग झार्को सर्कशीत काम केले. कोलांट्या मारताना तोल कसा राखावा, उंचावरून पडताना अंग कसे सैल सोडावे, खेळाच्या ऐन क्षणी जोडीदाराचे वजन नेमके कोणत्या सांध्यावर पेलावे, हे सर्कशीचे शास्त्र रोजच्या सरावाशिवाय कोणालाही येत नाही. पडद्यावर धटिंगणांना खांद्यावर उचलून फेकणारी आणि आगगाडीच्या टपावर लढणारी बाई प्रेक्षकांना चमत्कार वाटली, परंतु तिच्या त्या हालचाली रंगमंचावर आणि सर्कशीच्या तंबूत अनेक वर्षे झिजून कमावलेल्या होत्या. त्या काळात सुरक्षेची आजची साधने नव्हती आणि बदली कलावंत न घेता त्या स्वतः ही कामे करीत, हे ध्यानात घेतल्यास या पूर्वतयारीचे मोल कळते. या तयारीला निव्वळ ‘बेडर स्वभाव’ म्हणणे म्हणजे कुशल कारागिराच्या हाताला नशीबवान म्हणण्यासारखे आहे.

तेव्हाचा मराठी संदर्भ येथे मुद्दाम आठवावा लागतो. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले आणि त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या, ही गोष्ट त्या वेळी धाडसाची मानली गेली. १९३६ मध्ये पुण्याच्या ‘प्रभात’ने ‘अमरज्योती’ काढला आणि दुर्गा खोटे समुद्रावर राज्य करणाऱ्या बंडखोर सौदामिनीच्या रूपात दिसल्या. त्याच वर्षी ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ आला, ज्याच्या नायकाचे देहू या पट्ट्याच्या कुशीत इंद्रायणीकाठी वसलेले आहे आणि ज्याला व्हेनिसच्या महोत्सवात गौरव लाभला. नादियांचा ‘मिस फ्रंटियर मेल’ही १९३६ चाच. हा चित्रपट रेल्वेत घातपात करणाऱ्या टोळीशी झुंजणाऱ्या आधुनिक मुलीचा असून, ज्या गाडीचे नाव त्याने घेतले ती मुंबईहून थेट पेशावरला, म्हणजे नादियांच्या लहानपणीच्या मुलखाला जात असे. ‘संत तुकाराम’ला अभ्यासकांनी ग्रंथांत मानाचे पान दिले, ‘मिस फ्रंटियर मेल’ हा मारधाडीचा, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘स्टंट’ चित्रपट असल्याने दीर्घकाळ उपेक्षित राहिला. स्टंटपटांचा प्रेक्षक स्वस्त तिकिटाचा होता, गिरण्यांतला आणि गोद्यांतला होता, आणि त्याच्या आवडीला अभिरुची म्हणण्यास समीक्षक तयार नव्हते. वाडियांचा परळचा स्टुडिओ १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांच्याकडे जाऊन ‘राजकमल कलामंदिर’ झाला, तेव्हापासून त्या आवाराची ओळखही दुसऱ्याच परंपरेशी जोडली गेली.

ही उपेक्षा कामगार वस्तीने तरी करू नये, असे म्हणण्यास सबळ कारण आहे. आगगाडीसारख्या ज्या यंत्रांभोवती नादियांनी स्वतःची प्रतिमा उभी केली, त्यांच्याच साक्षीने या पट्ट्यातील स्त्रिया आज काम करतात, आणि येथवर पोहोचण्याचा त्यांचा मार्ग सोपा नव्हता. १९७४ मध्ये टेल्कोच्या, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीच्या, जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते, त्यावर संतापून सुधा मूर्ती यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले आणि पुढे त्यांची पुण्याच्या प्रकल्पात अभियंता म्हणून निवड झाली, हा प्रसंग त्यांनीच लिहून ठेवलेला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम देण्यास मूलतः बंदी घातली होती. आज टाटा मोटर्सच्या पुण्यातील प्रकल्पात हॅरियर आणि सफारी या मोटारी जोडणारी सुमारे दीड हजार स्त्रियांची स्वतंत्र शाखा आहे, आणि चाकणला बजाजच्या ‘डॉमिनार’ दुचाकीची जोडणी स्त्रियांच्या तुकडीने केली. आयटीआयमधून, पदविकेतून आणि कारखान्यातल्या प्रशिक्षणातून आलेल्या या मुली आहेत. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोर देऊनच नट आवळणारे हत्यार, अचूक चालवण्यामागे सराव आहे. महिला दिनाच्या भाषणात या सरावाविषयी एकही वाक्य नसावे आणि रांगोळी स्पर्धेसाठी अर्धा दिवस असावा, हे खटकते.

सराव म्हटला की जागा आणि वेळ यांचा प्रश्न येतोच. शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जानेवारी २०२४ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली पिंपरी-चिंचवडमध्ये झाले. शहरात चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आणि संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर यांसारखी नाट्यगृहे आहेत. आणि महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी कारखान्यातल्या माणसाला रंगमंचावर उभे केले आहे. तरीही पाळीत काम करणाऱ्या मुलीला तालमीला जायचे तर अडचणी अनेक असतात. दर आठवड्याला पाळी बदलली की तालमीची वेळ बदलते, कंपनीची बस चुकली की चाकणहून चिंचवड गाठणे अवघड होते, आणि रात्री परतताना घरच्यांचा विरोध वाढतो. नाटकातल्या कलावंतांना दोन महिने एका वेळी, एका ठिकाणी भेटावे लागते; नादियांना असा नियमित सराव ताफ्याने आणि सर्कशीने मिळवून दिला होता.

म्हणून पुढच्या मार्चसाठी एक साधी मागणी करता येईल. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्याच्या मदतीने ‘मिस फ्रंटियर मेल’ किंवा स्त्रियांच्या हक्कांचा उघड उच्चार करणारा १९४० चा ‘डायमंड क्वीन’ शहरातल्या एखाद्या नाट्यगृहात दाखवण्याचा प्रयत्न व्हावा. वेळ पहिली पाळी सुटल्यानंतरची असावी, चाकण, भोसरी आणि आकुर्डीहून बस सोडाव्यात, आणि चित्रपटानंतर सत्कारांऐवजी एखाद्या अनुभवी नटीने रंगमंचावर येऊन पडताना अंग कसे सांभाळायचे ते तासभर शिकवावे.