बर्व्यांची अब्रू, संपादकांचा तुरुंग

‘केसरी’ निघून वर्षही झाले नव्हते, तोच कोल्हापूरचे प्रकरण पेटले. कारभारी माधवराव बर्वे तरुण छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ करतात, असा ‘केसरी’ आणि ‘मराठा’चा आरोप. पुराव्यादाखल छापलेली पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यात चार महिन्यांची कैद झालीच. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्यांच्या मनात लबाडी नव्हती, घाई मात्र नक्की होती.

ते अब्रुनुकसानीचे कलम आजही जिवंत आहे. दंड संहिता गेली आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते ३५६ या क्रमांकाने नांदू लागले. दोन वर्षांपर्यंतची कैद कायम आहे. भर पडली ती समाजसेवेच्या पर्यायाची. लिहिलेले खरे होते, एवढ्याने सुटका नाही. ते लोकहिताचे होते हेही पटवावे लागते. शिवाय मंत्र्यावर किंवा सरकारी नोकरावर कामकाजावरून आरोप झाला, तर शासनाच्या मंजुरीने सरकारी वकीलच सत्र न्यायालयात फिर्याद लावू शकतो. अब्रू साहेबांची, खर्च जनतेचा!

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ‘नक्कीरन’ या तमिळ नियतकालिकाच्या प्रकरणात शहाणी वाट दाखवली होती. कामकाजावरील टीकेबद्दल अधिकाऱ्याला भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा होता आणि खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापला, हे त्याने सिद्ध करावे. संपादकाने पुरेशी शहानिशा केली असेल, तर चूक माफ.

पण ही सवलत दिवाणी दाव्यापुरती. फौजदारी कलम त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात उचलून धरले. अब्रू हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे त्यामागचे कारण.

अब्रूला मोल आहेच. खोट्या पत्रांनी बर्व्यांवर चिखल उडाला होता. खुलासा, माफी, भरपाई हा त्यांचा हक्कच होता. संपादकांना कोठडीत घालून मात्र बर्व्यांच्या पदरात काय पडले? उलट सुटून आलेल्या टिळक-आगरकरांचे सत्कार झाले. संसदेने कैदेची तरतूद काढून टाकावी आणि अधिकाऱ्यांनी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी.

बर्व्यांच्या खटल्याच्या गदारोळात महाराजांचे हाल मागेच पडले. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय होते वीस.