डॉर्मच्या सामानात हे चार कागद हवेतच

अमेरिकेतल्या मराठी आई-बाबांना आणि यंदा कॉलेजला निघालेल्या त्यांच्या मुलामुलींना कळकळीचं आवाहन

ऑगस्ट तोंडावर आला आहे. घराघरांत डॉर्मची खरेदी चालली आहे : ट्विन एक्सएल चादरी, छोटा राइस कुकर, गोडा मसाल्याची पुडी. त्या यादीत चार कागद घाला, आणि मूल घराबाहेर पडण्याआधी त्यांवर सह्या होऊ द्या.

बहुतेक राज्यांत १८ वर्षं पूर्ण झाली की मूल सज्ञान होतं. १९९६ च्या हिपा कायद्याप्रमाणे त्याच्या प्रकृतीची माहिती मग त्याची खासगी असते. विमा तुमचा, फी तुमची. तरीही रात्री दोन वाजता इमर्जन्सी रूमला फोन लावलात तर "माहिती देता येणार नाही" असं उत्तर मिळू शकतं. मूल बेशुद्ध असेल तर डॉक्टर स्वतःच्या विचाराने तुमच्याशी बोलू शकतात, पण त्यांच्यावर तसं बंधन नाही. बँकेचे दरवाजे तर बंदच. मुलाच्या खात्यातून खोलीचं भाडं भरायचं झालं, तरी कोर्टात जाऊन अधिकार मागण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून हे चार कागद :

१. हेल्थ केअर प्रॉक्सी : शुद्ध नसताना उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा.
२. हिपा ऑथरायझेशन : प्रकृतीची माहिती कोणाला द्यायची. काय सांगायचं नाही, हेही मूल त्यात लिहू शकतं.
३. ड्युरेबल पॉवर ऑफ ॲटर्नी : पैशांचे व्यवहार कोणी सांभाळायचे.
४. साधं मृत्युपत्र. "पोरीकडे आहे तरी काय?" असं म्हणू नका. लहानपणी तिच्या नावाने उघडलेलं यूटीएमए खातं कायद्याने ठरवलेलं वय झाल्यावर तिच्याच ताब्यात येतं; शिवाय गाडी आहे, फोटो आणि लिखाणाने भरलेली ऑनलाइन खाती आहेत.

"शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून आपण हा विषय टाळतो. पण या देशातला याबाबतचा कायदा घडला तो तरुण मुलींवर ओढवलेल्या अशाच प्रसंगांतून. १९७५ मध्ये न्यू जर्सीत कॅरन क्विनलन कोमात गेली, तेव्हा ती २१ वर्षांची होती. १९८३ मध्ये मिझुरीत नॅन्सी क्रुझनच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा तिचं वय २५. ती शुद्धीवर येईना, तेव्हा उपचार थांबवण्याची परवानगी मागत नॅन्सीचे आई-वडील थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९० मध्ये निकाल लागला : मुलीच्या इच्छेचा स्पष्ट पुरावा मागण्याचा राज्याला अधिकार आहे. आई-वडिलांचा शब्द पुरेसा ठरला नाही, कारण नॅन्सीने काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

तेव्हा पालकांनो, मुलांच्या वतीने फॉर्म भरून फक्त सहीपुरते पुढे करू नका. जेवणं झाल्यावर टेबलाशी बसा आणि विचारा : व्हेंटिलेटरबद्दल तुला काय वाटतं? अवयवदान करायचंय का? निर्णय आम्ही घ्यावा की ताईने? उत्तर मनाविरुद्ध आलं तरी ऐकून घ्या.

काम अवघड नाही. वैद्यकीय निर्णयांचे फॉर्म बहुतेक राज्यांत सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतात. कॉलेज दुसऱ्या राज्यात असेल तर तिथलेही भरा. साक्षीदार किती आणि नोटरी हवी का, हे राज्याराज्यांत बदलतं. ते नीट वाचा. साक्षीला घरचं माणूस न घेता शेजारी किंवा मित्रमंडळींना बोलवा. नोटरी बऱ्याचदा आपल्याच बँकेत असते. मृत्युपत्र आणि पॉवर ऑफ ॲटर्नी वकिलाच्या नजरेखालून घाला. मग सगळ्याची एक प्रत मुलाच्या फोनमध्ये, एक तुमच्या फोनमध्ये आणि मूळ कागद घरच्या कपाटात ठेवा.

आणि मुलांनो, अठरा पूर्ण झाली की हा अधिकार तुमचा आहे. तुमच्या सहीशिवाय यातला एकही कागद उभा राहत नाही. आई-बाबा विषय काढतील म्हणून थांबू नका. येत्या शनिवारी तुम्हीच त्यांना टेबलाशी बसवा.