हरणं फार, की माळ थोडा?

नांदगावहून येवल्याच्या अंगाला राजापूर-ममदापूरकडे वळलं, की माळावर काळविटांचे कळप दिसतात. पाहुण्यांना ते दृश्य मोहवतं. शेतकऱ्याच्या मात्र मृगाची पेरणी उगवून येताच पोटात गोळा येतो. कोवळी बाजरी, मूग बघता बघता फस्त होतात आणि 'हरणं फार झाली' ही तक्रार सुरू होते.

खरंच फार झाली का? नुसत्या शिरगणतीनं याचं उत्तर मिळत नाही. कोणताही माळ त्यावरचं गवत, पाणी आणि आडोसा पुरेल एवढेच जीव पोसतो. परिसरशास्त्रात याला धारणक्षमता म्हणतात. या अवर्षणप्रवण पट्ट्यात ती दरसाल पावसाबरोबर बदलते. पूर्वी कळपांवर चित्त्याचा आणि लांडग्याचा अंकुश होता. चित्ता १९५२ साली देशातून नामशेष जाहीर झाला. लांडगाही विरळ झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी केली, ते योग्यच झालं. पण गवताळ रानं नांगराखाली जातच राहिली. चारा आटला की कळप शेतात शिरतात, पाणी आटलं की विहिरीत पडतात.

तेव्हा प्रश्न हरणांपेक्षा माळाचा आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, हा समज आधी सोडावा लागेल. गवत आणि पाणवठे राखावे लागतील. तोवर हरणांचं पोट ज्याच्या शेतावर भरतं, त्याला वेळेवर भरपाई देणं ही दया नव्हे. ते आपल्या सर्वांचं देणं आहे.