बाळंतपणानंतरची सौंदर्यशस्त्रक्रिया : केव्हा?

बाळंतपणात सैल पडलेले पोट आणि मुलाचे अंगावरचे दूध सुटल्यावर ओघळलेली छाती शस्त्रक्रियेने बऱ्याच अंशी पूर्वीसारखी करून घेता येते, हे आता पुष्कळ भगिनींना ठाऊक झाले आहे. असा विचार मनात येणे यात लाजिरवाणे काही नाही आणि तो न येण्यातही काही उणे नाही. परंतु शस्त्रक्रिया करावयाचीच झाली, तर ती केव्हा करावी, याचा विचार आज या सदरात करू.

या प्रश्नाचे एक जुने सूत्र वाराणसीशी जोडलेले आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुतास शल्यतंत्र शिकविले, अशी परंपरा सुश्रुतसंहितेतच सांगितली आहे. तुटलेले नाक आणि कानाची पाळी जोडण्याची कृती याच ग्रंथात आहे. गळवाविषयी सांगताना ग्रंथकार म्हणतो की, जो वैद्य अज्ञानाने कच्चे कापतो आणि जो पिकलेल्याची उपेक्षा करतो, ते दोघेही सारखेच दोषी होत. बाळंतिणीविषयीही तेथे दोन मते दिली आहेत. दीड महिना पथ्याने राहिल्यावर स्त्रीचे बाळंतपण संपते, हे एक. मासिक पाळी पुन्हा सुरू झाल्यावर ते संपते, हे दुसरे. पहिले मोजमाप दिवसांचे आहे, दुसरे शरीराचे. आपल्या प्रश्नाला हे दुसरे मोजमाप अधिक लागू पडते.

आजचे वैद्यकशास्त्रही गर्भाशय पूर्ववत होण्यास साधारण सहा आठवडे लागतात असे सांगते. परंतु पोटाची कातडी आणि स्नायू यांस त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मध्यरेषेपासून दूर सरकतात. प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत हे अंतर अनेक स्त्रियांच्या बाबतीत आपोआप कमी होते आणि योग्य व्यायामाने पोटास बळकटी येते. म्हणून पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी निदान सहा महिने, आणि शक्यतो वर्षभर थांबावे. त्यातही वजन काही महिने स्थिर राहिलेले असावे. ‘सिझेरियन करताच आहात, तर पोटही नीट करून टाका,’ असा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. तो हिताचा नव्हे. त्या वेळी कातडी ताणलेली व सुजलेली असते, त्यामुळे किती कापावे याचा अंदाज चुकतो. शिवाय प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा बराच अधिक असतो; मोठ्या शस्त्रक्रियेने त्यात भरच पडते.

छातीच्या बाबतीत अधिक सबुरी हवी. दूध येत असताना तेथे शस्त्र चालविल्यास जखमेतून दूध झिरपते, ती लवकर भरत नाही आणि जंतुसंसर्गाचे भय राहते. दूध पूर्ण आटल्यावरही छातीचा आकार स्थिरावण्यास तीन ते सहा महिने लागतात. तेव्हा मोजणी प्रसूतीपासून नव्हे, दूध आटल्यापासून करावी. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत वा त्याहूनही अधिक काळ ते चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली म्हणून बाळाचे दूध तोडणे हा उलटा हिशेब होय. शस्त्रक्रिया वर्षाने पुढे ढकलता येते. बाळाचे ते वर्ष मात्र पुन्हा येत नाही.

आणखी मूल हवे आहे काय, हेही पतिपत्नींनी आधी ठरवावे. नव्या गरोदरपणात नीट केलेले पोट पुन्हा ताणले जाते. छाती लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत दुधाच्या नलिका तुटल्यास पुढच्या बाळाला दूध कमी पडू शकते. म्हणून कुटुंब पूर्ण झाल्यावरच ही पायरी चढावी, हे उत्तम.

यानंतर घरची तयारी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ साली, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा रक्ततपासणी करून आधी रक्त भरून काढावे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड वस्तू उचलता येत नाही, आणि कडेवरचे मूल ही जड वस्तूच आहे. त्या दिवसांत मुलास कोण घेणार, पाणी कोण भरणार, हे पतीने आणि घरातील वडीलधाऱ्यांनी आधीच ठरवावे. खर्चाचाही विचार करावा. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत बसत नाहीत. सर्जनने प्लास्टिक सर्जरीचे रीतसर पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे ना, हे निःसंकोच विचारावे. वाराणसीतच काशी हिंदू विश्वविद्यालयात १९६० साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९७१ साली त्याची वैद्यकीय विज्ञान संस्था झाली, आणि तेथे प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग आहे. अशा संस्थेतील सल्ला जाहिरातीपेक्षा केव्हाही भरवशाचा.

आता पिकलेल्याची उपेक्षा न करण्याविषयी. छातीतील गाठ काही दिवसांत विरली नाही, छाती लाल होऊन ताप आला, किंवा बेंबीजवळचा फुगवटा दुखू लागून टणक झाला व उलट्या सुरू झाल्या, तर ‘दूध सुटल्यावर पाहू’ असे म्हणत बसू नये. तत्काळ डॉक्टर गाठावा. नवी आई दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहत असेल, तिला आपल्या शरीराचा तिटकारा वाटत असेल, झोप लागत नसेल, तर तिला शस्त्राची नव्हे, मनाच्या उपचारांची गरज आहे. तेही लांबणीवर टाकू नयेत.

वाचक भगिनींनो, मूल घडविताना शरीर नऊ महिने झिजले आहे. सावरण्यासाठी त्याला निदान तेवढा अवधी द्या. त्यानंतरही शस्त्रक्रिया करावीशी वाटली, तर तो निर्णय सर्वस्वी तुमचा असावा. पतीच्या टोमण्याचा अथवा शेजारणीच्या शेऱ्याचा नसावा.