सोबत कोण आहे?

"तुमचं हॉस्पिटल अपंगांसाठी सोयीचं आहे का?" असं कुठल्याही हॉस्पिटलच्या व्यवस्थापकाला विचारून बघा. उत्तर ठरलेलं आहे. "आहे ना, रॅम्प आहे की!" जणू अपंग माणूस तिथे रॅम्प बघायलाच येतो.

(मी 'अपंग' हाच शब्द वापरतोय. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि सगळ्या सरकारी पाट्या भराभर बदलल्या. पाट्यांखालच्या पायऱ्या मात्र बऱ्याच ठिकाणी तशाच राहिल्या, म्हणून मला त्या शब्दाचं फारसं कौतुक नाही. ज्यांना तो आवडतो त्यांनी खुशाल वापरावा.)

तर मुद्दा असा. आपली हॉस्पिटलं, सरकारी असोत नाहीतर लॉबीत झुंबर टांगलेली असोत, एक गोष्ट गृहीत धरून बांधलेली आहेत : पेशंटबरोबर एक धडधाकट नातेवाईक असणारच. केसपेपर तो काढणार, औषधं तो आणणार, रिपोर्टसाठी या खिडकीवरून त्या खिडकीवर तोच पळणार. पेशंट अपंग असला की या बिचाऱ्यावर आणखी कामं पडतात. जिथे लिफ्ट नाही तिथे तो हमाल, जिथे दुभाषा नाही तिथे तो दुभाषा, जिथे पाटी वाचता येत नाही तिथे तो पाटी वाचणारा. इमारतीत जे जे करायचं राहून गेलं ते सगळं या नातेवाईकाच्या अंगावर. म्हणून व्हीलचेअरवरचा माणूस काउंटरवर आला की "काय होतंय?" च्या आधी प्रश्न येतो, "सोबत कोण आहे?" आणि "कोणी नाही, एकटाच आलोय" असं उत्तर मिळालं की काउंटरवरच्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता त्या सुप्रसिद्ध रॅम्पबद्दल. मानक साधं आहे, एकास बारा. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. दारात सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर दीड फूट उंची झाली, म्हणजे अठरा फूट रॅम्प हवा. तुमच्या माहितीतल्या हॉस्पिटलांच्या दारातले रॅम्प आठवा. पाच-सहा फुटांत उरकलेले असतात! त्यावरून दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत नेऊ शकतात, पण एकट्या माणसानं हातानं चाकं फिरवत चढायचा प्रयत्न केला तर खुर्ची मागे उलटेल. म्हणजे तो रॅम्प बांधला स्ट्रेचरसाठी आणि नाव अपंगांचं.

हॉस्पिटलातली व्हीलचेअर नीट बघितली आहे का कधी? बहुतेक ठिकाणी तिची मागची चाकं छोटी असतात. हातानं फिरवायची कडीच नसते. म्हणजे त्या खुर्चीत बसलेला माणूस स्वतःहून एक इंचही हलू शकत नाही, त्याला कोणीतरी ढकलायलाच लागतं. आणि ज्याची स्वतःची चांगली, मापाची खुर्ची आहे त्याला दारात सांगितलं जातं, "ती बाहेर ठेवा, आमच्या खुर्चीत बसा." ज्या माणसाला तुम्ही त्याच्या पायांवरून उठवताय, त्याला वर तुम्हीच विचारणार, "सोबत कोण आहे?" कमाल आहे!

आत गेल्यावर खरी मजा सुरू होते. माझा एक मित्र मणक्याच्या दुखापतीमुळे गेली अनेक वर्षं व्हीलचेअर वापरतो. नोकरी करतो, हातानं चालवायची गाडी चालवतो, माझ्यापेक्षा जास्त इन्कमटॅक्स भरतो. पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात मी त्याच्याबरोबर गेलो होतो, तेही गप्पा मारायला म्हणून. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "यांना कधीपासून त्रास होतोय?" मित्र म्हणाला, "मंगळवारपासून." डॉक्टरांनी पुढचा प्रश्नही मलाच विचारला. मग वजन. काटा होता नेहमीचा, उभं राहायचा. सिस्टरनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पासष्ट लिहू का?"

पासष्ट लिहू का! भाजीवालासुद्धा तराजू वापरतो हो. भुलीच्या औषधापासून कित्येक इंजेक्शनांपर्यंत डोस वजनावर ठरतो. खुर्चीसकट वजन करायचे सपाट काटे मिळतात. खुर्चीचं वजन वेगळं करायचं आणि वजा करायचं, तिसरीतलं गणित आहे. पण सबंध हॉस्पिटलात असा एक काटा नव्हता. लॉबीत कारंजं मात्र होतं.

तपासायच्या टेबलाचंही तसंच. आपल्याकडची ही टेबलं साधारण अडीच-पावणेतीन फूट उंच असतात आणि चढायला शेजारी एक लोखंडी स्टूल असतं. व्हीलचेअरची बैठक असते दीड फुटावर. मग एक तर दोघांनी काखेत आणि मांडीखाली हात घालून उचलायचं, नाहीतर डॉक्टर म्हणणार, "राहू द्या, बसल्या बसल्याच बघतो." या दुसऱ्या प्रकारात काय काय बघायचं राहून जातं ते अपंग बायकांना विचारा. अमेरिकेत २०२४ साली या टेबलांसाठी मानक ठरलं, की टेबल जमिनीपासून १७ इंचांपर्यंत खाली आलं पाहिजे. बटन दाबलं की खालीवर होणारं टेबल ही काही अंतराळविद्या नाही, दाताच्या डॉक्टरची खुर्ची कित्येक वर्षं तेच करते आहे.

ज्यांना ऐकू येत नाही किंवा दिसत नाही त्यांचे हाल वेगळे. ओपीडीत एक तर नाव पुकारतात किंवा लाल आकड्यांचा टोकन-बोर्ड असतो. नाव पुकारलं की बहिऱ्या माणसाचा नंबर जातो, नुसता बोर्ड असला की आंधळ्याचा. दोन्ही एकदम करायला काय हरकत आहे? पण "शेजाऱ्याला सांगून ठेवा ना" हा सल्ला मिळतो, म्हणजे पुन्हा ते सोबतच! बहिऱ्या आईबरोबर तिची शाळकरी मुलगी दुभाषी म्हणून येते आणि आईच्या गर्भाशयाबद्दल काय बोललं जातंय ते हातवाऱ्यांनी आईला सांगते. त्या मुलीनं हे का ऐकावं? आणि आईनं मुलीदेखत काय आणि किती सांगावं? व्हिडिओ कॉलवर सांकेतिक भाषेचा दुभाषा घेता येतो. मोबाईल तर प्रत्येक वॉर्डबॉयच्याही खिशात आहे. आंधळ्या माणसाला ऑपरेशनच्या संमतीचा कागद वाचून दाखवायला पाच-दहा मिनिटं लागतील. तेवढीही काढायची नसतात, म्हणून नातेवाईकाला बाजूला घेऊन सगळं समजावतात आणि पेशंटच्या हाताला धरून सही घेतात.

यात माझ्या जातभाईंचाही, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांचा, मोठा हात आहे. हॉस्पिटलांची जी नवी अॅप्स आली आहेत ती डोळे मिटून, स्क्रीन रीडर लावून वापरून बघा. फोन वाचून दाखवतो, "बटन. बटन. बटन. बटन." कशाचं बटन? राम जाणे. प्रत्येक बटनाला नाव द्यायला एका प्रोग्रॅमरची एक दुपार पुरते. रक्ताचा रिपोर्ट स्कॅन करून नुसत्या चित्राची पीडीएफ पाठवतात. तोच रिपोर्ट मुळात कॉम्प्युटरवर अक्षरांत तयार झालेला असतो! त्याची छापून, स्कॅन करून वाट लावायला उलट जास्त मेहनत पडते. सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला केवायसीचा होता. ज्यांच्या पापण्या अॅसिडनं जळल्या त्यांना कॅमेरा म्हणतो, डोळे मिचकावा. हॉस्पिटलच्या अॅपला वेगळा न्याय लावायचं कारण मला तरी दिसत नाही.

कायदा नाही अशातला भाग नाही. २०१६ चा अपंग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २५ मध्ये सरकारी आणि खाजगी हॉस्पिटलांच्या 'सर्व भागांत' अडथळ्याविना जाता यावं असं स्पष्ट म्हटलंय. सर्व भाग म्हणजे सोनोग्राफीची खोली आली आणि संडासही आला. (अपंगांचा म्हणून पाटी लावलेल्या संडासात बादल्या, झाडू आणि मोडक्या सलाईन-स्टँडचा संसार मांडलेला असतो आणि किल्ली मावशींकडे असते. मावशी जेवायला गेलेल्या असतात.) जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच उलटली. दंड? पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत. कॉर्पोरेट हॉस्पिटलातल्या डिलक्स खोलीचं एका रात्रीचं भाडं याच घरातलं असतं. त्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की कायदा सक्ती करतो आणि त्याखालचा पंधरावा नियम मात्र नुसत्या शिफारशी करतो, तेव्हा तो नियम बेकायदा. हा अर्ज केला होता २००५ साली. एकोणीस वर्षं!

आता नेहमीचे आक्षेप. "असे पेशंट येतातच किती?" २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, तेही जुन्या, तोकड्या व्याख्येनं. नव्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. तुमच्याकडे येत नसतील तर का येत नाहीत ते तुमच्याच पायऱ्यांना विचारा. "आमची पोरं उचलून नेतात की!" हो, नेतात, मायेनं नेतात, त्या वॉर्डबॉयांबद्दल माझी तक्रार नाही. पण पन्नास वर्षांच्या माणसाला भर लॉबीत गाठोड्यासारखं उचलणं ही सोय नव्हे. शिवाय पाडलं तर? "उद्या तुमचाही पाय मोडेल, म्हातारे तुम्हीही होणार, म्हणून सोयी करा" हा आपल्या बाजूचा युक्तिवादही मला आवडत नाही. खरा आहे, पण त्यात अपंगांचा हक्क माझ्या गुडघेदुखीच्या आडून मागितला जातो. माझे गुडघे ठणठणीत राहिले तरी त्यांना आत जाता आलं पाहिजे.

आमच्या धंद्यात एकेक तुकडा तपासणं वेगळं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळा प्रवास तपासणं वेगळं. रॅम्प पास, लिफ्ट पास, संडास पास, आणि लिफ्टसमोरच दोन पायऱ्या! तपासणीचे फॉर्म भरून हे कधीच सापडणार नाही. म्हणून प्रत्येक हॉस्पिटलानं वर्षातून एकदा एक व्हीलचेअरवाला, एक आंधळा, एक बहिरा आणि एक ऑटिझम असलेला प्रौढ, अशा चौघांना बोलवावं. आधी वॉर्डात निरोप न देता. गेटपासून केसपेपर, तपासणी, रक्त, एक्स-रे, संडास, औषधं, बिल असं सगळं प्रत्येकानं एकट्यानं करायचं. जिथे कोणी अडकेल, किंवा जिथे कोणी "सोबत कोण आहे?" विचारेल, ती जागा लिहून ठेवायची आणि यादी लॉबीत लावायची, कारंज्याशेजारी. आणि या चौघांना दिवसाचे रीतसर पैसे द्यायचे, शाल-श्रीफळ नको. आमच्याकडे टेस्टरला पगार असतो.